तिसरी हाक

आमच्या सासरी एक पद्धत आहे. शेतातून, नदीवरून, दवाखान्यातून, परक्या गावातून, कुठूनही घरी निघायचं म्हणलं की घरातल्या बाईनं प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायची, "अमक्या, चल घरी." अशी तीनदा. ज्याला मारली त्यानं "आलो" म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. सासूबाईंचं म्हणणं असं, की माणूस उठून चालायला लागतो, पण त्याचा जीव कधीकधी मागंच रेंगाळतो, जत्रेत लेकरू रेंगाळतं तसा. नाव ऐकलं की तो भानावर येतो आणि पाठोपाठ निघतो. मध्ये पाणी असलं तर हाक चुकवायचीच नाही.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. भूत नसतं, करणी नसते, हे पोरांकडून घोकून घेतलं. पण हाक मारायला काय जातं? माझ्या लेकीला तिच्या लहानपणी मी प्रत्येक ठिकाणाहून हाक मारून आणलेलं आहे. प्रश्न नवऱ्याचा होता. त्यांना त्यांची आई हाक मारायची, नाहीतर माझी नणंद. मी नाही, कारण मी नवऱ्याचं नाव घेत नाही. हसा खुशाल! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही करवल्यांनी चिमटे काढून बेजार केलं म्हणून. कागदावर हजारदा लिहिलं असेल. पण ट्रेनिंगला कुणी पूर्ण नाव विचारलं, की मी मधलं नाव असं गिळायचे की साहेबांना दोनदा विचारावं लागायचं. चौतीस वर्षं "अहो"वर संसार केला, कुठं काही अडलं नाही.

अडलं ते अंदमानात.

आमचे हे विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत होते. परभणीत त्यांना ओळखणारी माणसं दोन प्रकारची, एक ज्यांच्याशी भांडण झालंय ती आणि दुसरी ज्यांच्याशी व्हायचंय ती. भाजीत मीठ कमी, वरणात जास्त. पंखा कामून चालू, पंखा कामून बंद. रिक्षावाल्याशी भांडण, पेपरवाल्याशी भांडण, टीव्हीतल्या पंचाशी भांडण. रस्त्यानं चालताना माझ्या दहा पावलं पुढं, आणि मागं वळून ओरडणार, "पाय मोडलेत का गं मास्तरीण तुझे?" मीही काही गरीब गाय नव्हते. तोंडाला तोंड द्यायचे. हाक मारली की त्यांचं ठरलेलं उत्तर, "काय हाय? ओरडू नको, बहिरा न्हाई मी." हे मी चौतीस वर्षं ऐकलं आणि चौतीस वर्षं त्याचा राग राग केला.

लेक पुण्यात नोकरीला. ती म्हणाली, तुम्ही दोघंच असे कधी कुठं गेलात का? आम्ही आठवून पाहिलं. खरंच कधी गेलो नव्हतो. कायम कुणीतरी बरोबर, सासूबाई, नणंद, भाचे, लग्नाचं वऱ्हाड. मग तिनं तिकिटं काढूनच पाठवली. ह्यांनी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. "पाणीच बघायचं तर येलदरीचं धरण काय आटलंय का?" तरी दाढी करून, इस्त्रीची पँट घालून स्टेशनवर माझ्या आधी तयार.

निघायच्या आदल्या दिवशी पिंगळीच्या पलीकडं आमच्या गावी सासूबाईंच्या पाया पडायला गेलो. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढं, डोळ्यांनी जेमतेम दिसतं, कान मात्र शाबूत. धाकट्या दिरांकडं राहतात. माझा हात धरून म्हणाल्या, "पाण्यापल्याड जायलात. येताना माझ्या लेकराला हाक मारून आण बरं. इसरू नको."

"हो आत्याबाई," म्हणाले. त्या वेळी माझ्या डोक्यात दशम्या किती करायच्या हेच चाललेलं होतं.

हैदराबादेपर्यंत रेल्वे, तिथून विमान. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या फेरीबोटीत बसलो. दोन-अडीच तासांचा प्रवास. काचा बंद, आत गारठा, टीव्ही मोठ्यानं लावलेला आणि डिझेलचा वास. बाहेर पाणी निळं नव्हतं हो. दौतीतल्या शाईसारखं काळं होतं. अर्ध्या तासात मला उलट्या सुरू झाल्या. हे पिशवी धरून बसले आणि हसायला लागले, "काळ्या मातीतली बाई तू, तुला पाणी कसं मानवंल?" मी उलटीतून मान वर काढून म्हणाले, "तुम्हाला तरी कुठं माणसं मानवतात?" पलीकडच्या सीटवरचं जोडपं हसलं. मराठी होतं वाटतं.

फेरी जिथं लागली त्या मोठ्या बेटावर एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिथून लहान लाकडी बोटीनं एका ओसाड बेटावर न्यायचे, दोन तास थांबवायचे आणि परत आणायचे. आम्ही आठ जण होतो. दोन नवी जोडपी, एक बंगाली नवरा-बायको आणि आम्ही. नावाडी म्हातारा, बरोबर त्याचा भाऊ. नावाड्यानं आधीच बजावलं, शिट्टी वाजली की लगेच यायचं, पाणी उतरलं की खडक वर येतात आणि मग बोट अडकते.

बेटावर उतरलो आणि पहिल्यांदा जाणवलं ते म्हणजे पाखरू नव्हतं. एवढं दाट रान, आणि एक चिमणी नाही, कावळा नाही. आमच्याकडं नुसत्या बाभळीवर सुद्धा दिवसभर कलकलाट असतो. इथं फक्त पाणी वाळूवर यायचं आणि जायचं, तेही आवाज दाबून. काठावर मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडलेली, उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं पांढरी झालेली. शंखात राहणारे खेकडे पायाजवळून चालायचे आणि आपण बघितलं की जागीच थांबायचे. आपण मान फिरवली की परत चालायचे. मला ते बिलकुल आवडलं नाही.

भांडण फोटोवरून झालं. लेकीनं ह्यांना फुलाफुलांचा शर्ट घेऊन दिला होता, तो घालून फोटो पाठवा म्हणाली होती. हे आपले निळ्या चौकटीच्या जुन्याच शर्टात. म्हणाले, "मी काय तमाशातला सोंगाड्या हाय का?" मग बुटात वाळू गेली ते माझ्यामुळं, ऊन लागलं ते माझ्यामुळं. मलाही आदल्या दिवसाचा शीण होता. मी म्हणाले, "एक दिवस, एक दिवस तरी सुखानं राहू दिलं का तुम्ही मला? बसा इथंच. कायमचे बसा. येऊच नका माझ्याबरोबर."

असं आपण म्हणतोच की. हजारदा म्हणले असेन. पण ते आमच्या स्वयंपाकघरात म्हणले होते, पाण्यापल्याडच्या बेटावर नाही.

ह्यांनी बूट हातात घेतले आणि काठाकाठानं चालायला लागले. नेहमीसारखे पुढं. वळणापाशी दिसेनासे झाले. मी बंगाली बाईजवळ बसून दशमी खाल्ली. राग होता, भूकही होती.

शिट्टी वाजली. सगळे आले, हे आले नाहीत. दुसरी शिट्टी झाली. नावाडी पाण्याकडं बोट दाखवून बडबडायला लागला. मी वाळूतून धापा टाकत वळणापर्यंत गेले. पलीकडं एक आडवं पांढरं खोड अर्धं पाण्यात होतं. त्याच्यावर हे बसले होते, माझ्याकडं पाठ करून, पाय पाण्यात सोडून. निळ्या चौकटीचा शर्ट मी ओळखणार नाही का? मीच धुते तो.

सासूबाईंचं बोलणं आठवलं. म्हणलं, निघतोच आहोत, मारावी हाक. नाव जिभेवर आणायला गेले आणि लाज वाटली. कुणाची लाज, सांगा! तिथं काळं कुत्रं नव्हतं. पण सवय ती सवय. मी ओरडले, "अहो, चला घरी."

ते हलले नाहीत.

"अहो! चला घरी! बोट जायलीय!"

मानसुद्धा फिरवली नाही. अजून रागात आहेत म्हणून माझं डोकं आणखीच सणकलं. सगळा जोर लावून तिसऱ्यांदा ओरडले, "अहो, ऐकू येतंय का? चला घरी!"

"आलो."

आवाज खोडाकडून आला नाही. माझ्या डाव्या हाताला रान होतं, तिथून आला. मी तिकडं बघितलं तर झाडांतून हे बाहेर येत होते, अनवाणी, ओले हात शर्टाला पुसत. तोच शर्ट. मी परत खोडाकडं बघायच्या आत त्यांनी माझा हात धरला. हात असा गार, की मी दचकले. चौतीस वर्षांत ह्यांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नव्हता. तिकडं नावाडी ओरडत होता. आम्ही दोघं पळतच सुटलो. नावाड्यानं बोटीत माणसं मोजली. आठ होती.

बोट निघाल्यावर मी एकदा वळून पाहिलं. खोडावर काहीतरी निळसर होतं. लांबून कळत नव्हतं, फांदी की सावली की काय. चष्म्यावर खारं पाणी उडालं होतं. पुसून घातला तोवर बोट वळली. बाकीचे सगळे मागं बघून फोटो काढत होते. हे एकटे समोर बघत होते, गुडघ्यावर हात ठेवून, शहाण्या मुलासारखे. बूट कुठं म्हणून विचारलं तर पायांकडं बघितलं आणि नुसते हसले.

परतीच्या फेरीत त्यांनी मला विचारलं, "आपलं घर लांब हाय का?"

मला वाटलं टोमणा मारायलेत. मी म्हणाले, "लय लांब." त्यांनी मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही.

परभणीला उतरून घरी आलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी कुलूप काढलं, आत गेले, खिडक्या उघडल्या, चहा ठेवला. पाच मिनिटांनी लक्षात आलं, हे आलेच नाहीत. बघते तर दाराबाहेर उभे. पिशव्या दोन्ही हातात, नजर उंबऱ्यावर. म्हणलं, "असं काय? या ना आत." तेव्हा आत आले. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आले तेव्हाही तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. "या" म्हणल्याशिवाय पाय आत नाही. एकदा मी मुद्दाम म्हणाले नाही. पाऊण तास उन्हात उभे राहिले. शेवटी मलाच राहवलं नाही.

बाकी बघाल तर माणूस सोन्यासारखा झाला होता. त्या आठवड्यात मी वरणात मीठ घालायला विसरले. मी पहिला घास घेतला आणि आता काय वादळ होतंय म्हणून समोर बघितलं. ताट चाटूनपुसून साफ. "छान झालंय," म्हणाले. पंखा चालू असो की बंद असो, तक्रार नाही. रस्त्यानं चालताना आता ते पुढं नसायचे. माझ्या मागं दोन पावलं. मी थांबले की चपलेचा आवाज थांबायचा. मी चालले की परत सुरू. बाजारात जाऊन यायचं तरी माझी पाठ अवघडून जायची.

लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबा किती गोड बोलायलेत! आधीच पाठवायला पाहिजे होतं तुम्हाला." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनापण घेऊन जावं म्हणते त्या बेटावर." सगळे मला नशीबवान म्हणत होते. आणि मला न्हाणीघरात कोंडून घेऊन रडावंसं वाटायचं. मला माझा भांडकुदळ नवरा पाहिजे होता. एवढंच पाहिजे होतं, दुसरं काही नाही. गेल्या चौतीस वर्षांत कुणी मला सांगितलं असतं की तुला ह्या माणसाच्या कटकटीची आठवण येईल, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एके दिवशी त्यांच्याबरोबर नोकरीला असलेले एक गृहस्थ भेटले. रस्त्यापलीकडून त्यांनी ह्यांना नावानं हाक मारली. एकदा, दोनदा, मग रस्ता ओलांडून, अगदी कानाशी. हे चालतच राहिले. शेवटी मी कोपर मारलं तेव्हा थांबले आणि त्या गृहस्थांकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघून हसले. गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, कान दाखवून घ्या." कान दाखवले. कान उत्तम. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं चांगलं आहे सगळं, थोडा उदासपणा असेल, फिरायला नेत जा.

आणि मग शेजारच्या वहिनींची गोष्ट घडली. दुपारचे चार वाजले होते. आम्ही अंगणात चहा घेत होतो. भिंतीपलीकडून वहिनींनी त्यांच्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा इकडं या." आमचे हे कप खाली ठेवून उठले, फाटक उघडलं, त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आलो." आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. दोन दिवसांनी परत तसंच झालं. तिसऱ्या वेळी वहिनी हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या नवऱ्याला हाक मारत नाहीत. आत जाऊन, जवळ जाऊन हळूच बोलतात.

मी मनातल्या मनात त्याला "तो" म्हणायला लागले ते तेव्हापासून. तोंडानं अहो-जाहो चालूच होतं.

रविवारी गावाकडं गेलो. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. तो पाया पडला. त्यांनी नेहमीसारखा त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. मग परत फिरवला. मग हात काढून पदराला पुसला. तो अंगणात लिंबाखाली जाऊन बसल्यावर त्यांनी त्याला नावानं हाक मारली. लिंबाखाली काही हालचाल नाही. परत मारली, मग तिसऱ्यांदा. म्हातारीचा आवाज कापायला लागला.

"हाक मारली हुतीस का गं तिथनं निघताना?" त्यांनी मला विचारलं.

"मारली आत्याबाई. तीनदा मारली."

"काय म्हणून मारलीस?"

"अहो, चला घरी म्हणलं."

त्यांनी लिंबाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "आगं पोरी, 'अहो' तर समद्यायलाच म्हणत्यात. ज्यानं ऐकलं त्यो आला."

तरी मी मास्तरीण. म्हणाले, "काहीतरीच काय आत्याबाई, डॉक्टर म्हणाले उदासपणा आहे." त्यांनी माझ्या बोलण्याकडं लक्षच दिलं नाही. म्हणाल्या, "मी हितनं वरडून उपेग न्हाई. ज्या बाईनं नेलं तिनंच आणावं लागतंय. गंगेवर जा. गंगेचं पाणी तिकडंच जातंय. पाण्यात हुबी ऱ्हा आन् नावानं हाक मार. तीनदा. माझं लेकरू तिथं एकटं बसलंय." आणि रडायला लागल्या. पांढरं खोड, पाण्यात सोडलेले पाय, ह्यातलं मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी पंधरा दिवस काढले. स्वतःला शिव्या दिल्या, एवढी शिकलेली बाई आणि हे काय. पण रोज सकाळी दार उघडायचं, आणि तो दूध घेऊन उंबऱ्याबाहेर माझ्या "या"ची वाट बघत उभा. शेवटी एका मंगळवारी सकाळच्या एसटीनं गंगाखेडला गेले. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. त्याला म्हणाले, चला, गंगेवर जाऊन येऊ. तो म्हणाला, "चल." कशाला, हे विचारलं नाही. आमच्या ह्यांनी शंभर प्रश्न विचारले असते.

घाटावर बायका धुणं धूत होत्या, एका बाजूला कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. मी काठानं पुढं गेले, जिथं कुणी नव्हतं तिथवर. त्याला काठावर पिशवीपाशी बसवलं आणि साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले. पाणी जातं तिकडं तोंड केलं. मग डोळे मिटले आणि उखाण्यानंतर चौतीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. "चल घरी," म्हणाले. आवाज चिरका निघाला, फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीसारखा.

काही झालं नाही. पाणी होतं तसंच होतं. मला हसू यायला लागलं, जरा मोकळंही वाटलं. दुसऱ्यांदा शाळेच्या मैदानावरचा आवाज लावला. मला तो अजून येतो. नाव पाण्यावरून लांबपर्यंत गेलं.

आणि खालच्या अंगानं, जिकडं पाणी जात होतं तिकडून, लय लांबून, आवाज आला. चिडका, कंटाळलेला, माझ्या ओळखीचा.

"काय हाय?"

माय गं! आनंद होता की भीती, सांगता येणार नाही, दोन्ही एकदम होतं. मी तोंड उघडलं, तिसरी हाक ओठांवर होती, आणि मागून पाण्यात कुणीतरी धपाधपा पळत आलं. माझा दंड धरला. तो होता. कपड्यांसकट पाण्यात, कमरेपर्यंत भिजलेला, आणि रडत होता. माझ्या नवऱ्याला मी कधी रडताना पाहिलेलं नाही. सासरे गेले तेव्हाही ते रडले नव्हते.

"तिसरी नको मारू," तो म्हणाला. हाका तीन असतात हे मी त्याला सांगितलं नव्हतं. "त्याला नको बोलावू. मी काय वाईट वागलो का तुझ्याशी? त्यो आला तर मी कुठं जाऊ?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. तेच कपाळ, तेच नाक, हनुवटीवरचा तोच व्रण. दोन महिने ज्याला मी वाढत होते, ज्याला रोज "या" म्हणत होते. त्याचा हात आता गार नव्हता. खालच्या अंगानं परत काही ऐकू येतं का म्हणून मी कान दिला. माझा माणूस तिकडं होता. मी ह्यांना कायमचे बसा म्हणाले होते, आणि हे माझ्या एका हाकेसाठी बसले होते. मला तेवढीच करायची होती, एक हाक. नाव तोंडात होतं. मी ते गिळलं. असं गिळायची मला सवय होती.

"चला," मी म्हणाले. तो माझ्या मागं दोन पावलं चालत घाट चढला.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला सांगितलं तर ती मलाच डॉक्टरकडं नेईल. सकाळी भाकरी थापताना हात थांबतो आणि वाटतं, आता जावं, आत्ता एसटी पकडावी. मग तो येऊन विचारतो, काही मदत करू का. आणि मी जात नाही. मी भित्री आहे, की मला त्याची दया येते, की ह्या वयात भांडणाविना चार घास खायची चटक लागली, खरं काय ते माझं मलाच सांगता येत नाही. रडू मात्र रोज येतं.

त्या मंगळवारीच दुपारी सासूबाईंचा फोन आला. दिरांनी लावून दिला होता.

"गेली हुतीस का गंगेवर?"

"गेले होते."

"मारलीस हाक?"

"मारली."

"किती?"

"तीन," मी म्हणाले. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आईशी मी तिच्या लेकराबद्दल खोटं बोलले.

"मंग दे त्याच्यापशी," त्या म्हणाल्या.

मी फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून त्यांनी हाक मारली ती मलाही ऐकू आली, नाव घेऊन, लहान पोराला मारतात तशी. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"आलो, आई," तो म्हणाला.

पलीकडं म्हातारी हमसून हमसून रडायला लागली. सुखानं रडत होती की ओळखून, ते मी अजून विचारलेलं नाही.